बाहेरून लावलेला अडसर

मित्रांनो, मी एक जुना अडसर आहे. तुमच्यापैकी अनेकांनी अडसर पाहिलाही नसेल, म्हणून आधी ते सांगतो. दार बंद केल्यावर त्याच्या आडवी घालतात ती जाड लोखंडी पट्टी किंवा लाकडी दांडी म्हणजे अडसर. घरची माणसे तो आतून घालतात आणि चोर बाहेर राहतात. मला मात्र बाहेरून घालत. जुन्या वस्तू शेवटी सगळ्यांना माफ करतात, अशा गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्म जपानमधला. नागोया शहराच्या उत्तरेला डोंगरांच्या आत कुरोदानी नावाची अरुंद दरी आहे. तिथे हिराकुरा कुटुंबाची तांब्याची खाण होती. महायुद्धाच्या दिवसांत खाणीतल्या लोहाराने मोडक्या रुळाचा एक तुकडा भट्टीत लाल केला, ठोकून सरळ केला आणि थंड पाण्यात बुडवला. तो मी. मला उचलायला दोन गडी लागत नसत, पण एका माणसाला दोन्ही हात लावावे लागत. कामगारांच्या बराकीच्या दाराबाहेर चौकटीला दोन लोखंडी आकडे ठोकले होते. त्यांत मी बसलो की दार हलत नसे. म्हातारे मालक हिराकुरा एकदा पाहायला आले. माझ्यावरून हात फिरवून म्हणाले, "चांगले काम झाले आहे." माझ्या आयुष्यातली ती पहिली शाबासकी. ती आठवली की आजही माझ्या अंगावर गंज चढतो.

तेव्हा कोरियावर जपानचे राज्य होते, आणि बराकीत कोरियातून आणलेली माणसे होती. कुणाला शेतातून उचलले होते, कुणाला दोन वर्षांच्या नोकरीचे आमिष दाखवले होते. त्यांची मजुरी कंपनी "साठवून ठेवत" असे. काम सोडून जायची परवानगी नव्हती. पळून जाणाऱ्याला पकडून आणत आणि सगळ्यांसमोर झोडपत. कागदावर त्यांना कामगार म्हणत. ज्याला काम सोडता येत नाही आणि मजुरी मिळत नाही, त्याला काय म्हणतात ते तुम्हांला शाळेत शिकवले आहे.

त्यांच्यात हान दोक-सू नावाचा एक उंच माणूस होता. पाळी संपवून परत येताना तो माझ्यासमोर थांबे आणि माझ्यावर थुंके. पहारेकरी त्याच्या पाठीत काठी घाली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा थुंके. सुरुंगांच्या आवाजाने त्याचे कान गेले होते, पण मान कधी खाली गेली नाही. गावी त्याची बायको बाळंत झाली होती. मुलगी झाल्याचा त्याने फक्त निरोप ऐकला होता, तोही दुसऱ्याकडून कानाजवळ ओरडून.

हिवाळ्यातली ती दुपार. रात्रपाळीचे लोक आत झोपले होते आणि मी दारावर होतो. आतल्या शेगडीतला निखारा गवती चटईवर पडला. ज्वाळा फारशा नव्हत्या, नुसता धूर. आधी खोकल्याचे आवाज आले, मग हाका, मग दारावर धडका. "आकेतेकुरे!" ते ओरडत होते. उघडा, उघडा. पहारेकरी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. तो कचेरीकडे पळाला. तिथून निरोप आला, की पळून जाण्यासाठी सोंग करत असतील, साहेब जेवताहेत, त्यांचे होऊ दे. तो परत आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मला उचलायला चावी लागत नव्हती. बाहेरचे दोन हात लागत होते. बाहेर हात पुष्कळ होते.

दारावरचे खिळे प्रत्येक धडकेबरोबर माझ्या अंगात रुतत होते. मग धडका मंदावल्या. मग थांबल्या. साहेबांचे जेवण झाले तेव्हा मला उचलले.

दोक-सू दाराशीच होता. त्यांना खाणीमागच्या उतारावर पुरले आणि कारण लिहिले, न्यूमोनिया.

युद्ध संपले. खाण चालली, मग बंद पडली. हिराकुरांची कंपनी मात्र वाढत गेली. यंत्रांचे भाग, मग हॉटेले, मग जमिनी. मी एका शेडमध्ये पडून होतो. उंदीर माझ्यावरून धावत आणि पावसाळ्यात पाणी माझ्याखाली साठे. ते सारे मी सहन केले, कारण मला एकच गोष्ट हवी होती. हिराकुरांच्या घरातला कोणीतरी त्या दाराच्या आतल्या बाजूला असावा आणि मी बाहेरच्या. लोखंडाला इच्छा नसते म्हणतात. म्हणोत बापडे.

अलीकडे कंपनीने ठरवले, की जुन्या खाणीचे संग्रहालय करायचे. आता मालक होते म्हाताऱ्या हिराकुरांचे नातू. बराक डागडुजी करून उभी केली आणि मला गंज काढण्यासाठी नागोयाला, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवले. तिथे मी उल्काच्या टेबलावर आलो.

उल्का पुण्याची. धातुशास्त्रात डॉक्टरेट करून ती इथे संशोधनासाठी आली होती आणि तिचे कॉन्ट्रॅक्ट दरवर्षी नवे होत असे. तिने मला मऊ ब्रशने साफ केले. भिंगाखाली माझा एकेक भाग पाहिला. माझ्या आतल्या अंगावर खिळ्यांच्या डोक्यांचे खळगे दिसले तेव्हा तिचा हात थांबला. तिने कुरोदानीहून दाराचे फोटो मागवले. खळगे आणि खिळे नेमके जुळले. कंपनी सांगत होती, की मी तांदळाच्या कोठाराचा अडसर, आणि बराकीबाहेरचे आकडे कंदील टांगण्यासाठी. उल्काने अहवालात स्पष्ट लिहिले, की हा अडसर बराकीच्या दाराला बाहेरून लावलेला होता आणि आतून त्यावर जोरात आघात झाले आहेत.

प्राध्यापकांनी तो परिच्छेद गाळला. "आपण धातूबद्दल बोलू, उल्का-सान," ते सौम्यपणे म्हणाले. (सान म्हणजे तुमच्याकडचे 'जी'.) "इतिहासाबद्दल इतिहासवाले बोलतील." प्रयोगशाळेतली निम्मी यंत्रे हिराकुरांच्या देणगीतून आली होती, हे त्यांना सांगावे लागले नाही.

त्याच आठवड्यात मला पाहायला एक आजी आल्या. हान म्योंग-सुन. दोक-सूची ती मुलगी. युद्धानंतर तिची आई तान्ह्या मुलीला घेऊन नवऱ्याला शोधत जपानला आली आणि त्याची कबरही न सापडल्याने इथेच राहिली. हान-सान यांनी नागोयात आयुष्यभर मांस भाजून देण्याचे छोटे हॉटेल चालवले. मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांनी कंपनीवर भरपाईचा दावा लावला होता, त्यात त्या पहिल्या होत्या. वकिलांनी परवानगी काढल्यामुळे त्यांना मला बघता आले.

उल्काने त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी हातातली छत्री उचलली आणि माझ्या अंगावर हाणली. एकदा, पुन्हा, पुन्हा. छत्रीच्या काड्या वाकल्या. मला राग आला नाही. त्यांच्या बापानंतर मला योग्य वागणूक देणाऱ्या त्या पहिल्याच.

"माफ करा," धापा टाकत त्या उल्काला म्हणाल्या. "तुमच्या टेबलाला लागलं नाही ना?"

"टेबलाचं सोडा," उल्का म्हणाली. मग तिने हलक्या हाताने मला उलटे केले आणि ते खळगे दाखवले. "हे आतून झालेत, हान-सान. मी लिहिलं होतं. ते काढून टाकलं."

हान-सान यांनी एका खळग्यात बोट ठेवले आणि बराच वेळ काढले नाही.

शनिवारी उल्काचा नवरा राजीव तिला न्यायला आला. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. तिने सगळे सांगितल्यावर तो म्हणाला, "हे बघ, तू रिपोर्ट दिलास, विषय संपला. आपण इथे पाहुणे आहोत. व्हिसाचं रिन्यूअल तोंडावर आलंय, त्यात तुझं कॉन्ट्रॅक्ट. ऐंशी वर्षांपूर्वीची भांडणं ती. ज्यांनी केलं ते मेले, ज्यांच्यावर झालं तेही मेले. आता कोणी कुणाला काय द्यायचं?"

"गेल्या गणपतीत मंडळात तावातावाने कोण बोलत होतं?" उल्काने विचारले. "इंग्रजांनी दीडशे वर्षं लुटलं, भरपाई द्यायलाच हवी, म्हणून? टाळ्या पण घेतल्यास."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"ते आपलं होतं ना, उल्का."

उल्काने टेबलावरचा दिवा मालवला. राजीवला आपण काय बोललो ते आता ऐकू आले. किल्ली काढत तो म्हणाला, "गाडी खाली लावलीय. चल."

संग्रहालयाच्या उद्घाटनाचा दिवस आला. दरीतली मेपलची पाने लाल झाली होती. कंपनीने पत्रकार बोलावले होते, आणि "सलोख्यासाठी" काही कुटुंबेही. कार्यक्रम असा ठरला होता, की नातू हिराकुरा एकटेच बराकीत जातील, दार लोटून घेतील, मृतांसाठी क्षणभर मौन पाळतील आणि मान खाली घालून बाहेर येतील. कॅमेरे बाहेर सज्ज होते. माझ्यासाठी दाराशेजारी टेबल मांडले होते, त्यावर पाटी होती, "तांदळाच्या कोठाराचा अडसर". पांढरे हातमोजे घालून मला त्यावर ठेवण्याचे काम उल्काचे होते.

हिराकुरा आत गेले. दार लागले. सगळ्यांनी माना झुकवल्या. उल्का मला दोन्ही हातांवर घेऊन उभी होती. तेव्हा हान-सान रांगेतून पुढे आल्या आणि त्यांनी माझे एक टोक धरले.

"हान-सान," उल्का कुजबुजली.

"सोडा," त्या म्हणाल्या.

उल्काने सोडले. म्हाताऱ्या बाईने मला ओढत दारापर्यंत नेले. आयुष्यभर गॅसचे सिलिंडर उचललेले हात ते. एक टोक त्यांनी आकड्यात बसवले. दुसरे उचलताना पकड सैल पडली, मी निसटू लागलो. मला वाटले, झाले, याही वेळी राहिले. तेवढ्यात माझ्याखाली पांढऱ्या हातमोज्यातला एक हात आला आणि मला वर ढकलले. खट्. मी बसलो. इतक्या वर्षांनी, त्याच दारावर.

माना वर झाल्या तेव्हा हान-सान दाराला पाठ टेकून जमिनीवर बसल्या होत्या. कंपनीचे लोक धावले. मला उचलायचे तर आधी त्यांना उचलावे लागले असते, आणि समोर कॅमेरे होते. ऐंशी वर्षांच्या बाईला फरफटवायला कोणी तयार होईना. ते नुसते वाकून वाकून विनवत राहिले. एकेक करून इतर कुटुंबांतले म्हातारेही येऊन दारासमोर बसले. उल्का त्यांच्या शेजारी उभी राहिली.

आतून दार हलले. "उघडा. काय चाललं आहे?"

"बसा, हिराकुरा-सान," हान-सान म्हणाल्या. "जरा बोलू. कोर्टात तुम्ही कधी येत नाही, वकील पाठवता."

"हे गैर आहे! मी तेव्हा जन्मलोही नव्हतो!"

"मी जन्मले होते. तुम्ही जन्मला नव्हता, तरी खाण तुम्हांला मिळाली. ती घेताना म्हणालात का, की मी जन्मलो नव्हतो, मला नको?"

आतून दारावर एक थाप पडली. मग आवाज आला, अडखळत. "जपान आणि कोरिया, दोन्ही सरकारांनी करार केला. हा विषय कायद्याने मिटला आहे."

"माझ्या बापाला कोणी विचारलं? तो तुमच्याच उतारावर पुरलेला होता. त्याची सही घ्यायला कोण गेलं होतं?"

"अहो, आज कुणाला द्यायचं? किती पिढ्यांपर्यंत? असं मागत गेलं तर जगात कोणीच सुटणार नाही."

"नाही सुटणार," हान-सान म्हणाल्या. "नकाच सुटू."

"मला काय करायला सांगता?"

"एवढंच सांगा, तुमच्या दाराला लागलेला हा अडसर कशासाठी होता?"

"ते पाटीवर लिहिलं आहे. तांदळाच्या कोठाराचा."

"मग आत तुम्ही तांदूळ आहात," त्या म्हणाल्या. "पडून राहा."

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. हान-सान यांनी पिशवीतून उदबत्त्या काढल्या. बापासाठी आणल्या होत्या. पेटवून त्यांनी त्या दाराच्या फटीपाशी मातीत खोचल्या. वारा दरीतून वर येत होता. निळसर धुराची बारीक रेघ फटीतून आत शिरली.

आधी आतून खोकला आला. मग पावले मागे सरली, मग धावत पुढे आली. "धूर! धूर येतोय! उघडा! आकेतेकुरे!"

मित्रांनो, तोच शब्द. तेच दार. खिळे माझ्या अंगात पुन्हा त्याच खळग्यांत बसले. मी तुमच्याशी खोटे बोलणार नाही. मला दया आली नाही. मला वाटले, धूर आणखी हवा.

उल्काचा चेहरा पांढरा पडला होता. ती खाली वाकली. "हान-सान, पुरे करा. त्यांना काही झालं तर?"

"उदबत्ती आहे, पोरी. उदबत्तीने कोणी मरत नाही." मग त्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "उदबत्ती आहे! त्या दिवशी उदबत्ती नव्हती. बोला, अडसर कशासाठी होता?"

"माणसांना कोंडायला!" आतला माणूस आता रडत होता. "माणसांना कोंडायला होता! मला माहीत आहे, आजोबांनी सांगितलं होतं, घरात सगळ्यांना माहीत आहे! उघडा!"

"मोठ्याने. माझ्या बापाला कमी ऐकू यायचं."

त्याने ओरडून सांगितले. दरीत ते घुमले. सगळे कॅमेरे चालू होते. हान-सान यांनी उदबत्त्या उपटून मातीत विझवल्या, गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि कंपनीच्या लोकांना म्हणाल्या, "उचला आता. बाहेर आहेत ना तुमचे हात?"

पोलीस आले. हान-सान आणि उल्का दोघींना ठाण्यात नेले आणि मलाही, जप्त केलेला माल म्हणून. संध्याकाळी राजीव आला. मला वाटले, आता तो चिडणार. तो उल्काजवळ बसला.

"कॉन्ट्रॅक्ट गेलं?"

"जाईलच."

त्याने टेबलावरच्या माझ्याकडे पाहिले. एका खळग्यावर अंगठा ठेवला, थोडा दाबला. "आतून कितीही ढकललं तरी हा हलला नसणार."

"नाही."

"पुढच्या गणपतीत मी नाही बोलणार," तो म्हणाला. "तू बोल."

कंपनीच्या वकिलांनी जाहीर केले, की धाकाने वदवून घेतलेल्या शब्दांना किंमत नाही. बरोबरच होते ते. पण रागाच्या भरात हिराकुरांनी पोलिसांत तक्रार दिली होती. तिच्यात त्यांनी स्वतः सांगितले होते, की बराकीच्या दाराला हा अडसर बाहेरून लावून मला कोंडण्यात आले, तो आकड्यांत घट्ट बसला, आतून दार उघडणे अशक्य होते. इतकी वर्षे कंपनी कोर्टात सांगत आली होती, की हा अडसर त्या दाराचा नव्हेच, माणसे हवे तेव्हा बाहेर पडू शकत. कुटुंबांच्या वकिलाने ती तक्रार कोर्टात संथपणे वाचून दाखवली. मी समोरच्या टेबलावर होतो. कंपनीचे वकील माझ्याकडे बघत नव्हते. उल्कालाही साक्षीला बोलावले आणि गाळलेला परिच्छेद तिने तोंडाने सांगितला. तिचे कॉन्ट्रॅक्ट तेव्हा संपले होते. एका लहानशा धातुकाम कारखान्यात तिला नोकरी लागली होती.

निकाल लागला. न्यायाधीश म्हणाले, माणसांना कोंडले होते, मजुरी न देता राबवले होते, ती दार न उघडल्यामुळे मेली, हे सर्व सिद्ध झाले आहे. मात्र सरकारांमधल्या करारामुळे भरपाईचा हुकूम कोर्ट देऊ शकत नाही. दावा फेटाळला.

बाहेर हिराकुरा कॅमेऱ्यांसमोर हान-सान यांच्यापुढे कमरेत वाकले. आपण "सहानुभूती निधी" देणार असल्याचे त्यांनी सांगितले. काही कुटुंबांनी तो घेतला. माणसे म्हातारी झाली होती, मी त्यांना नावे ठेवत नाही. हान-सान म्हणाल्या, "ज्याने बुडवलं त्याने सहानुभूती दाखवायची नसते, देणं द्यायचं असतं. आणि वर बघा, हिराकुरा-सान. वाकलात म्हणून तुमचा चेहरा मला दिसत नाही."

पोलिसांनी हान-सान यांच्यावरचा गुन्हा वय पाहून सोडून दिला. त्यामुळे त्या फार चिडल्या. त्यांना तो खटलाही चालायला हवा होता.

वरच्या कोर्टाचा निर्णय होईपर्यंत मला नागोयात एका कोठडीत जपून ठेवले आहे. परवानगी काढून उल्का अधूनमधून येते आणि मला तेल लावते. मागच्या खेपेला हान-सान तिच्याबरोबर होत्या. उल्काने त्यांना कुठून तरी ऐकलेली बातमी सांगितली. हिराकुरा आता लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. घरातली सगळी दारे उघडी टाकून झोपतात, थंडीतसुद्धा. बायकोने दार लोटले तर किंचाळत उठतात.

"बिचारा," उल्का म्हणाली.

 हान-सान फक्त हसल्या. मीही हसलो असतो. तुम्हांला हे आवडले नसेल, तर नसो. मुले लहान आहेत म्हणून त्यांना गोड शेवट सांगावा, असे मला कोणी शिकवले नाही.

जुन्या वस्तूंची निगा राखा, असे तुम्हांला नेहमी सांगतात. मीही तेच मागतो, पण माझे कारण वेगळे आहे. मला संग्रहालयात मिरवायचे नाही. देणे फिटले, त्या उतारावरची हाडे आपापल्या गावी गेली आणि प्रत्येकाचे नाव मोठ्याने घेतले गेले, की मला खुशाल वितळवा. तोपर्यंत मात्र मला ओल लागू देऊ नका. माझ्या अंगावरचे खळगे बुजू देऊ नका. अपील अजून बाकी आहे.